पित्ताच्या नावाखाली

सकाळी चहाच्या आधी, रिकाम्या पोटी एक गोळी घ्यावयाची, हा नेम मध्यमवर्गीय मराठी घरांत आता दात घासण्याइतका अंगवळणी पडला आहे. ताप असो, दाढदुखी असो वा गुडघ्याची कळ असो, डॉक्टरांच्या चिठ्ठीत शेवटी 'पित्ताची गोळी' बहुधा असतेच. मूळ दुखणे आठवड्यात बरे होते. ही गोळी मात्र वर्षानुवर्षे चालू राहते. ती केव्हा थांबवावयाची हे कोणी सांगितलेले नसते आणि कोणी विचारलेलेही नसते.

या गोंधळाचे एक मूळ बोलीभाषेत आहे. अंगावर गांधी उठल्या तरी पित्त, अर्धे डोके ठणकले तरी पित्त, छातीत जळजळले तरी पित्तच. वस्तुतः गांधी हा त्वचेचा विकार, अर्धशिशी मज्जासंस्थेचा; आणि यकृतात तयार होणारा जो हिरवट पिवळा रस शरीरशास्त्रात पित्त म्हणून ओळखला जातो, त्याचा छातीतील नित्याच्या जळजळीशी फारच थोडा संबंध असतो. जुन्या वैद्यकाने एवढी सरमिसळ केली नव्हती, हे येथे नमूद केले पाहिजे. माधवनिदानात अम्लपित्ताचे स्वतंत्र प्रकरण असून त्यात ऊर्ध्वग आणि अधोग असे भेद केले आहेत. विकार कोणत्या दिशेने जातो हे पाहण्याची ती दृष्टी व्यवहारात मात्र उरली नाही.

आणि येथे दिशेचाच प्रश्न महत्त्वाचा आहे. जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असते, हे विल्यम प्राउट या इंग्रज वैद्याने १८२४ च्या सुमारास दाखवून दिले. प्रथिनांच्या पचनाचा आरंभ करणे, अन्नाबरोबर आलेल्या जंतूंचा नाश करणे, लोह व ब-१२ जीवनसत्त्व शरीरात शोषले जाण्यास साहाय्य करणे ही त्याची कामे. जठराला आतून श्लेष्म्याचे संरक्षक अस्तर असल्यामुळे ते या दाहक द्रवातही सुरक्षित राहते. अन्ननलिकेला असे अस्तर नाही. तिच्या खालच्या टोकाशी स्नायूंचे एक कडे असते. घास खाली उतरताना ते सैल होते व लगेच आवळते. हे कडे अवेळी सैल पडले, किंवा जठराचा वरचा भाग पडद्याच्या छिद्रातून छातीत सरकला, की आम्ल वर चढते. छातीत जळजळणाऱ्या बहुतेकांच्या जठरात आम्ल इतरांपेक्षा अधिक नसते. ते भलत्या जागी गेलेले असते.

हे एकदा ध्यानात आले की दिनक्रमाकडे वेगळ्या नजरेने पाहता येते. कर्जत-कसाऱ्याकडे परतणारा कारकून घरी पोचतो तेव्हा रात्रीचे नऊ वाजलेले असतात. दुपारचा डबा घाईत संपविलेला, संध्याकाळी फलाटावर एखादा वडापाव. साहजिकच दिवसभराची भूक रात्री दहाच्या ताटावर तुटून पडते आणि साडेदहाला अंथरुणावर पाठ टेकते. भरलेले जठर आडवे झाले की आम्लाला वर येण्यास चढाव उरत नाही. परीक्षेच्या दिवसांत चहावर रात्री जागविणाऱ्या विद्यार्थ्याची गत याहून फार निराळी नाही. उपवासाने पित्त होते अशी तक्रार करणाऱ्याने उपवासाचे ताटही एकदा न्याहाळावे: तुपातली साबुदाण्याची खिचडी, दाण्यांची आमटी, तळलेले वेफर!

जेवण आणि झोप यांत दोन ते तीन तासांचे अंतर, रात्री हलका आहार, वाढलेल्या कमरेचा घेर कमी करणे आणि डाव्या कुशीवर निजणे यांचा अनेकांस निश्चित उपयोग होतो. पलंगाच्या उशाकडील पायांखाली विटा ठेवून ती बाजू १५ ते २० सेंटिमीटर उचलावी; दोन उशा घेतल्याने कंबर मुडपते आणि पोटावरचा दाब उलट वाढतो. तंबाखूतील निकोटिन ते स्नायूंचे कडे सैल करते, तेव्हा विडी ओढणाऱ्याने आणि मशेरी लावणाऱ्या गृहिणीनेही पित्ताचा दोष केवळ वांग्याच्या भाजीवर टाकू नये. थंड दुधाने घटकाभर बरे वाटते. परंतु त्यातील प्रथिने व कॅल्शियम आम्ल पुन्हा स्रवावयास लावतात.

औषधांची थोरवी नाकारण्याचे कारण नाही. जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून सिमेटिडिन १९७६ मध्ये बाजारात आले, १९८८ मध्ये ओमेप्राझोल आले, आणि जठरव्रणासाठी सर्रास होणाऱ्या शस्त्रक्रिया विरळ झाल्या. पण त्याच काळात ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांनी दाखवून दिले की यांपैकी बहुसंख्य व्रणांमागे एक जंतू आहे आणि प्रतिजैविकांनी तो घालविता येतो. आम्ल दाबल्याने वेदना शमत होती, कारण जागेवरच होते. या शोधाला २००५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. घरोघरच्या औषधांच्या डब्यांपर्यंत त्याचा बोध अद्याप पोचलेला नाही.

अन्ननलिकेला व्रण झालेल्यांना, तसेच हृदयरोगासाठी ॲस्पिरिन किंवा सांधेदुखीसाठी दीर्घकाळ वेदनाशामके घेणाऱ्या अनेकांना या गोळ्यांची खरोखरच गरज असते. अशांनी वृत्तपत्रातील लेख वाचून त्या बंद करू नयेत. प्रश्न आहे तो बाकीच्यांचा. डेन्मार्कमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, कोणतीही तक्रार नसलेल्या निरोगी माणसांना आठ आठवडे अशी गोळी दिली गेली. ती थांबविल्यानंतर त्यांतील ४४ टक्क्यांना आम्लाचा त्रास जाणवला. केवळ नकली गोळी मिळालेल्यांत हे प्रमाण १५ टक्के होते. म्हणजे गोळी सोडताच जळजळ वाढली हा ती आजन्म लागणार असल्याचा पुरावा नव्हे. ती क्रमाक्रमाने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी करता येते. दीर्घ सेवनाने मॅग्नेशियम घटते, अस्थिभंगाचा धोका वाढू शकतो, असे इशारे अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१० व २०११ मध्ये दिले. शाकाहारी कुटुंबांत ब-१२ ची उणीव आधीच असते, तेथे तर अधिक जपावयास हवे. या गोळ्या म्हणजे विषच, असा कांगावा करणाऱ्यांचे मात्र खरे मानू नये.

मागणी साधी आहे. पित्ताची गोळी लिहिताना ती किती दिवस घ्यावयाची हे डॉक्टरांनी आकड्यात लिहावे आणि रुग्णाने ते विचारून घ्यावे. गिळताना अडकत असेल, वजन अकारण उतरत असेल, शौचास डांबरासारखे काळे होत असेल, रक्ताची उलटी होत असेल, तर गोळी बदलण्यात वेळ न दवडता तपासणी झाली पाहिजे.

सर्वांत महाग पडते ते हृदयविकाराला दिलेले पित्ताचे नाव. छातीवर दाब, अंगाला दरदरून घाम, कळ डाव्या हाताकडे वा जबड्याकडे जाणारी, जिना चढताना वाढणारी. मधुमेही रुग्णांत व स्त्रियांत तर कधी नुसती मळमळ आणि विलक्षण थकवा. अशा वेळी 'गॅस झाला असेल' म्हणून सोडा पाजून रात्र काढली जाते आणि उपचाराचे पहिले मोलाचे तास निघून जातात. विद्युत् हृदयालेख काढण्यास अवघी काही मिनिटे लागतात. पहिला आलेख निर्दोष आला आणि दुखणे थांबले नाही, तर तो पुन्हा काढावा लागतो. म्हणून रुग्णाला लगेच घरी आणण्याची घाई नातेवाइकांनी करू नये.