नेहरूंना ग्लायडरमधून फिरवणारी हॅना राइट्श कोण होती?

एप्रिलच्या उन्हात यवतमाळच्या एखाद्या माळावर घार बघा. पंख न हलवता गोल गोल फिरत ती वर चढत जाते. तापलेल्या जमिनीवरून गरम हवा वर उठते, घार तिच्यावर स्वार होते. बिनइंजिनाचं ग्लायडरही हेच करतं.

या खेळात जर्मनी पुढे गेला तो नाइलाजाने. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने तिथल्या इंजिनाच्या विमानांवर निर्बंध आले आणि उडायची हौस असलेली पोरं ग्लायडरकडे वळली. १९१२ साली जन्मलेली हॅना त्यातलीच एक. १९३२ मध्ये साडेपाच तास हवेत राहून तिने महिलांचा विक्रम केला. १९३६ मध्ये ३०५ किलोमीटर अंतर कापलं, पुढच्या वर्षी ग्लायडरने आल्प्स ओलांडला. १९३८ मध्ये तर बर्लिनच्या एका बंदिस्त सभागृहात हेलिकॉप्टर उडवून दाखवलं.

पहिल्या महिला वैमानिकांच्या पोस्ट बहुतेकदा इथेच थांबतात. पण हॅना हिटलरची लाडकी टेस्ट पायलट होती. नाझी सरकारने तिला आयर्न क्रॉस दिला. एप्रिल १९४५ मध्ये बर्लिनला रशियन फौजांचा वेढा पडला होता. तेव्हा सेनानी फॉन ग्राइमसोबत ती हिटलरच्या बंकरकडे निघाली. वाटेत ग्राइमच्या पायाला गोळी लागली, तर हिने मागून त्याच्या खांद्यावरून हात घालून विमान उतरवलं. धाडस खरंच, पण कोणासाठी?

युद्धानंतर अमेरिकनांनी तिला वर्षभराहून जास्त कैदेत ठेवलं. तरीही १९५९ मध्ये नेहरूंनी तिला भारतात बोलावलं. हेतू होता ग्लायडिंगचा प्रसार. तिने त्यांना दिल्लीवरून ग्लायडरमध्ये फिरवलं. नव्या देशाला तंत्र हवं होतं हे समजतं, तरी हे आमंत्रण खटकतंच. पुढे घानातही तिने ग्लायडिंग शिकवलं. १९७९ मध्ये मरेपर्यंत तिने नाझी काळाबद्दल जाहीर पश्चात्ताप केला नाही.

त्याच काळात जर्मनीत मेलिटा श्टाउफेनबर्ग नावाची आणखी एक टेस्ट पायलट होती. तिचे वडील जन्माने ज्यू. जुलै १९४४ मध्ये तिच्या दिराने हिटलरला मारायला बॉम्ब ठेवला आणि तिलाही अटक झाली. विमान चाचण्यांसाठी तिची गरज होती, म्हणून सोडलं. ८ एप्रिल १९४५ ला ती उडवत असलेलं विमान अमेरिकन फायटरने पाडलं. हॅनाच्या पोस्ट शेअर करणाऱ्यांनी हे नाव एकदा सर्च करून बघावं.