पवई की माटुंगा?

जून उजाडला की सुशिक्षित मराठी घरांत एक वाद हमखास रंगतो. पवईच्या आयआयटीत स्थापत्य शाखा मिळत असेल तर ती घ्यावी, की माटुंग्याच्या व्हीजेटीआयमधील संगणक शाखा? पुण्याच्या सीओईपीचे काय? संस्था तिन्ही नामांकित. अनुक्रमे १९५८, १८८७ आणि १८५४ सालच्या. निवाड्यासाठी मग केंद्र सरकारची एनआयआरएफ क्रमवारी उघडली जाते.

या क्रमवारीचा हिशेब एकदा नीट वाचावा. शंभरपैकी साठ गुण अध्यापन-साधने आणि संशोधन यांना, वीस पदवीच्या फलिताला. उरलेल्यांपैकी दहा सर्वसमावेशकतेला आणि दहा प्रतिमेला. म्हणजे संस्थेचे दार कोणाला उघडते या प्रश्नाचे मोल, तिच्याविषयी लोकांना काय वाटते याहून कणभरही अधिक नाही. ज्या तराजूत ही दोन पारडी समान ठरतात, त्यावर विसंबून आपण 'सर्वोत्तम' हा शब्द वापरतो.

निवड ही निवडीच्या जागी पोचलेल्यांची चैन असते. डहाणूजवळचे आगर किंवा तलासरीतला एखादा पाडा येथून पाहिले तर 'पवई की माटुंगा' हा प्रश्नच उद्भवत नाही. अंतर आडवे येते म्हणावे, तर २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत लोकल धावते. चर्चगेट सुमारे सव्वाशे किलोमीटर. खरे अंतर भाषेचे आहे. पाड्यावरच्या मुलाच्या घरी वारली, शाळेत मराठी आणि अकरावीला विज्ञान घेताच एकदम इंग्रजी. पुढे प्रवेशपरीक्षा. जेईई मेन २०२१ पासून मराठीतही देता येते. पण आयआयटीचे दार ज्या जेईई ॲडव्हान्स्डने उघडते, ती २०२५ सालीही केवळ इंग्रजी आणि हिंदीतच झाली.

यावर तीन आक्षेप ठरलेले. पहिला : पुढचे शिक्षण इंग्रजीतच असताना मराठी प्रश्नपत्रिका कशाला? हा आक्षेप खरा असता, तर हिंदी प्रश्नपत्रिकाही निरर्थक ठरली असती. दुसरा : मराठीत परिभाषा कुठे आहे? ती नसती तर मेनची प्रश्नपत्रिका मराठीत निघालीच नसती. तिसरा : अनुसूचित जमातींना साडेसात टक्के जागा राखीव आहेत ना? आहेत, आणि त्या असायलाच हव्यात. पण आरक्षण जागेला आहे. प्रश्न समजण्याला नाही.

मात्र नुसती प्रश्नपत्रिका मराठीत आणून भागणार नाही. दोन वर्षे इंग्रजीत पदार्थविज्ञान घोकलेल्या मुलाला परीक्षेच्या दिवशी मराठी देणे हा उपचार झाला. अकरावी-बारावीचे विज्ञान दोन्ही भाषांत, समोरासमोरच्या पानांवर शिकवले गेले पाहिजे. इंग्रजी टाळण्यासाठी नव्हे. तिच्यापर्यंत पायऱ्यांनी पोचता यावे म्हणून.

आणि इथे प्रश्न आपल्या, म्हणजे मराठीच्या प्राध्यापकांच्या, दाराशी येतो. २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद डॉ. जयंत नारळीकरांना देऊन आपण विज्ञानलेखनाचा गौरव केला. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा महाविद्यालयांतून पेढे वाटले गेले. परंतु आपल्या अभ्यासक्रमांत वैज्ञानिक गद्याला स्थान किती? कवितेतील प्रतिमासृष्टीवर प्रबंध लिहिणारी मंडळी बारावीच्या रसायनशास्त्राचे एक स्वच्छ, वाचनीय मराठी प्रकरण घडवायला बसत नाहीत. ते काम 'वाङ्मयीन' नव्हे, अशी आपली समजूत. भाषा ज्ञानाची व्हावी असे व्यासपीठावरून म्हणायचे आणि ज्ञानाचे गद्य अनुवादकाच्या घाईवर सोडायचे, हा दुटप्पीपणा आहे.

अभिजात दर्जा भाषेच्या भूतकाळाला मिळाला. तिच्या वर्तमानाची परीक्षा जेईईच्या प्रश्नपत्रिकेत आहे. पुढच्या संमेलनाच्या ठरावांत दोनच ओळी पुरेत : जेईई ॲडव्हान्स्ड मराठीत घ्या, आणि अकरावी-बारावीची विज्ञानाची पुस्तके द्विभाषिक करा. ठरावाखाली सही करणाऱ्यांनी त्या पुस्तकातील एकेक प्रकरण लिहिण्याची जबाबदारीही घ्यावी.