डोळ्यातली चरबी

‘चरबी चढलीय’ हा आपल्याकडे टोमणा असतो. डोळ्यात मात्र ती खरोखरच दिसू शकते आणि घरच्यांची झोप उडवते. गावाकडून वडिलांचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतो: डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, कानाकडच्या कोपऱ्यात पिवळसर फुगवटा. उद्यमबागेत फौंड्रीत किंवा लेथवर आयुष्य काढलेल्या माणसाला पहिली शंका येते ती बुरादा गेल्याची. पण लोखंडाचा कण टोचतो, डोळा लाल होतो, पाणी गळतं. हा फुगवटा गप्प बसलेला असतो. शेजारी म्हणतात, ‘मांस वाढलंय.’ ते वाढतं बहुधा नाकाच्या बाजूनं, त्रिकोणी आकारात, बुबुळावर सरकत.

हा फुगवटा बहुतेकदा खोबणीतल्या चरबीचा असतो. डोळा चरबीच्या गादीवर बसलेला असतो. ती मागे धरून ठेवणारा पातळ पडदा वयानं सैल पडला की गादी पुढे डोकावते. उतारवयातल्या, अंगानं भरलेल्या पुरुषांत जास्त, पुष्कळदा दोन्ही डोळ्यांत. डॉक्टर स्लिट लॅम्पवर बघतात: मऊ, पिवळा, हलणारा, आणि पापणीवरून डोळा हलकेच मागे दाबला की आणखी ठळक होणारा. (हा प्रयोग घरी नको.)

तरुणांनो, सेल्फीत तुमच्याच डोळ्यात तसं काही दिसलं तर लहानपणीचे फोटो काढा. जन्मापासूनची चरबीची गाठही त्याच कोपऱ्यात असते. ती घट्ट असते, फारशी हलत नाही, कधी तिच्यावर बारीक केसही असतात. दिसायला बरं म्हणून ती मुळापासून काढायला गेलं, तर पापणी पडणं, एकाचे दोन दिसणं असे त्रास मागे लागू शकतात. पापणीच्या कातडीवरचे चपटे पिवळे डाग वेगळे. ते दिसले तर रक्तातलं कोलेस्टेरॉल तपासावं.

खरी भीती गुलाबी फुगवट्याची. लिम्फोमा हा कर्करोगही डोळ्यात असाच, न दुखता वाढतो, म्हणून ‘दुखत नाही ना, मग राहू दे’ हे आपल्या वडीलधाऱ्यांचं ठरलेलं उत्तर इथे चालत नाही. रंग गुलाबी असेल, फुगवटा भराभर वाढत असेल, डोळा पुढे आला असेल किंवा दोन-दोन दिसत असेल तर सीटी किंवा एमआरआय लागतो, कधी तुकडा काढून तपासावा लागतो. नेहरूनगरचं केएलई असो की सिव्हिल, पुढच्या सुट्टीत आलात की वडिलांना स्वतः घेऊन जा. जुना फोटो सोबत ठेवा; फुगवटा किती वर्षांचा हे त्यांना आठवणार नाही.