शाळासोबत्याचे अपुरे स्मरण

गेल्या महिन्यात आमचा एक शाळासोबती लालबागेत निधन पावला. शोकसभेत वर्गमित्रांनी त्याची गणितातील तल्लख बुद्धी आठवली, गुरुजींच्या नकला आठवल्या. पुढच्या आयुष्याविषयी एवढेच म्हटले गेले की, नशिबाने त्याला साथ दिली नाही.

नशीब हा शब्द फार सोयीचा आहे. शाळा संपताच तो गिरणीच्या साचेखात्यात बदली कामगार म्हणून लागला. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, त्यांत तो होता. प्रश्न केवळ पगारवाढीचा नव्हता. एकाच संघटनेस प्रतिनिधित्वाची मक्तेदारी देणारा १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द व्हावा, हीही मागणी होती. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. आमच्या मित्राने भाजी विकली आणि संध्याकाळी चाळीतल्या पोरांना फुकट गणित शिकवले.

१९९१ च्या नियमावलीने पुनर्विकासात गिरण्यांच्या जमिनीचा एक-तृतीयांश वाटा मोकळ्या जागांसाठी व तेवढाच सार्वजनिक घरबांधणीसाठी ठेवला होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी बांधकाम नसलेल्या जमिनीपुरतीच उरवली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. यांत ग्रहताऱ्यांचा हात कोठे दिसतो?

गिरणी कामगारांच्या घरासाठी त्याने केलेला अर्ज अजून पडून आहे. त्याच्या नावे पारितोषिक ठेवण्यासाठी वर्गणी जमवणाऱ्या वर्गमित्रांनी आधी वारसनोंदीसाठी त्याच्या पत्नीबरोबर कचेरीत जावे. तिला एकटीला ते जिने चढवत नाहीत.