अर्ध्यामुर्ध्या विचारांची वही

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक लहानसें रण माजलें होतें. विद्यापीठांत गणिताचें संशोधन करणारी आमची पुतणी आपल्याला अडलेले प्रश्न आणि फसलेल्या सिद्धता इंटरनेटवर, कोणासहि वाचतां येईल अशा टिपणवहींत, लिहूं लागली. आमच्या वडील बंधूंचा आक्षेप असा कीं, विचार पक्व झाल्याखेरीज विद्वानानें तोंड उघडूं नये. शिवाय कल्पना कोणी उचलली तर पोरीच्या पदवीचें काय? हा आक्षेप हंसण्यावारी नेण्याजोगा खचित नव्हे.

परंतु या दोन्ही भयांची परीक्षा केंब्रिजच्या एका प्राध्यापकांनीं उघड्यावर घेतलेली आहे. टिमथी गॉवर्स यांस १९९८ सालीं गणितांतील फील्ड्स पदक मिळालें. २७ जानेवारी २००९ रोजीं त्यांनीं आपल्या अशाच वहींत विचारलें कीं, एखादा कठीण प्रश्न पुष्कळांनीं मिळून, सर्वांसमक्ष सोडविणें शक्य आहे काय? प्रश्नहि त्यांनींच निवडला. फुली-गोळ्याच्या खेळाचा पट दोनऐवजीं शेंकडों दिशांनीं वाढविला आणि त्यांतील घरांचा ठराविक हिस्सा, मग तो कितीहि लहान असो, हवा तसा भरला, तरी पट पुरेसा मोठा असल्यास कोठेंतरी एका रेषेंतील तिन्ही घरें भरल्यावांचून राहात नाहींत. हें १९९१ सालींच सिद्ध झालें होतें. पण तें गणिताच्या दुसऱ्याच एका शाखेच्या आडवाटेनें. गॉवर्स यांस सरळ वाट हवी होती.

नियम मोठे गमतीचे. एकट्यानें कोपऱ्यांत बसून डोकें शिणवावयाचें नाहीं. सुचेल तें, कच्चें असलें तरी, लगेच मांडावयाचें. आणि दुसऱ्याच्या खुळ्या सूचनेसहि सभ्यपणें उत्तर द्यावयाचें. ३७ दिवसांत २७ जणांनीं सुमारें ८०० टिपणें लिहिलीं. एकूण शब्द १ लाख ७० हजार! लॉस एंजेलिसचे टेरेन्स टाओ त्यांत होते, तसा एक शाळामास्तरहि होता. सिद्धता सांपडली आणि २०१२ सालीं 'ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स'मध्यें डी. एच. जे. पॉलिमॅथ या सामायिक नांवानें प्रसिद्ध झाली. कोणास काय केव्हां सुचलें, तें वहींत तारीखवार नमूद आहे. चोरी करावयाची तर ती सर्वांच्या देखत करावी लागेल. पुढील असे कांहीं उद्योग मात्र अर्ध्यावरच राहिले.

तरीहि बंधूंचें एक म्हणणें मला पटतें. गॉवर्स यांस गमावण्यासारखें थोडें होतें. सामायिक नांवावर विद्यार्थिनीस पदवी कोण देणार? म्हणून प्रबंधाचा गाभा आधीं मार्गदर्शकांपुढें ठेवावा, बाकीचें खुशाल वहींत लिहावें, असा तह झाला.

परवां रात्रीं बंधु चष्मा लावून ती वही वाचीत बसलेले दिसले. चौथ्या ओळींत एक चिन्ह चुकलें आहे, असें त्यांनीं मुलीस बजावलें. तिनें तें खोडलें नाहीं; खालीं 'ही चूक वडिलांनीं दाखविली' एवढें लिहिलें.