फक्त ढोबळ आकडा दे रे!

"ढोबळ आकडा दे रे, कुणी धरून बसणार नाहीये." हे वाक्य कानावर पडलं की सावध व्हावं. मी झालो नाही. "दोन आठवडे" म्हणून बसलो. संध्याकाळी तोच आकडा क्लायंटच्या मेलमध्ये, तारखेसकट! काम सहा आठवडे चाललं, चार रविवार ऑफिसात गेले आणि सख्ख्या बहिणीच्या साखरपुड्याला मी जिन्यात उभं राहून फोनवरून हजेरी लावली.

अंदाज म्हणजे वचन नव्हे, एवढंच माझं म्हणणं आहे. बॅरी बोहम यांनी १९८१ सालीच लिहून ठेवलंय की अगदी सुरुवातीचा अंदाज चारपटीने कमी किंवा जास्त निघू शकतो. म्हणजे बारा आठवडे सांगितले तर तीनही लागतील आणि अठ्ठेचाळीसही. आणि आपण नेमका तोच आकडा काळ्या दगडावरची रेघ मानतो! आयबीएमच्या ओएस/३६० चं काम सांभाळलेले फ्रेड ब्रुक्स १९७५ च्या 'द मिथिकल मॅन-मंथ'मध्ये कोडिंगला वेळेचा सहावा हिस्सा देतात आणि चाचणीला निम्मा. आपण अंदाज कशाचा देतो? कोडिंगचा!

वर मंडईतल्यासारखी घासाघीस. "सहा? चारात बसव ना." काम तेवढंच, माणसं तेवढीच, मग दोन आठवडे गेले कुठे? थोडे चाचणीतून कापले जातात, उरलेले आपल्या शनिवार-रविवारमधून. मग आपणही शहाणे होतो, सहाचे नऊ सांगतो. त्यांना ते ठाऊक असतं, म्हणून ते आणखी कापतात. दोघंही थापा मारतात आणि त्याला प्लॅनिंग म्हणतात.

धंद्याला तारीख लागते, मान्य. पण मग तारीख ठरवून काय काय गाळायचं ते बोला. तारीखही तुमची, यादीही तुमची आणि अंदाज मात्र माझा, हे चालणार नाही.

अर्थात मॅनेजरच्या नावाने बोटं मोडून मी सुटत नाही. "हो" मीच म्हटलं होतं. नाही म्हटलं तर ऑनसाइटची संधी हुकेल, ही भीती माझीच होती.

हल्ली मी सांगतो, "चार ते दहा आठवडे. दोन आठवडे काम करू दे, मग नीट सांगतो." चेहरे वाकडे होतात. होऊ देत. भाचीच्या बारशाला मी दिवसभर घरी होतो, फोन बंद करून.