शस्त्राचा गुन्हा आणि पहिले चोवीस तास

वर्धा म्हटलं की सेवाग्राम आठवतं, पवनार आठवतं, दारूबंदी आठवते. तलवार किंवा देशी कट्टा सहसा कुणाला आठवत नाही. पण सगळ्या महाराष्ट्रात जे चाललंय, ते आपल्याकडेही येतंच. वाढदिवसाचा केक तलवारीने कापायचा, त्याची रील टाकायची आणि चार दिवसांनी पोलीस ठाण्यात मान खाली घालून बसायचं. कुणी ‘भाईगिरी’च्या नादात कट्टा विकत घेतो, तर कुणी मित्राने ठेवायला दिलेली पिशवी न उघडताच घरात ठेवतो. आणि एक दिवस ‘गुप्त बातमीदारामार्फत मिळालेल्या माहितीवरून’ अशी सुरुवात असलेली फिर्याद दाखल होते.

मुलगा मुसलमान असेल तर पुढचं चित्र ठरलेलं असतं. बातमीत त्याचं नाव ठळक छापलं जातं. मोहल्ल्यात दोन गट पडतात. एक गट म्हणतो, ‘आपला मुलगा असं करूच शकत नाही, त्याला अडकवलंय.’ दुसरा म्हणतो, ‘कौमचं नाव खराब केलं, याच्याकडे कुणी फिरकू नका.’ दोघांनाही खरं काय ते माहीत नसतं. या गोंधळात त्या मुलाचे अब्बा एखाद्या पुढाऱ्याच्या दारात बसलेले असतात, कारण कुणीतरी सांगितलेलं असतं की ‘भाऊंनी एक फोन केला की काम होतं.’ तो फोन होत नाही. झाला तरी उपयोग नसतो. दिवस मात्र वाया जातो.

माझं म्हणणं साधं आहे. शस्त्र कायद्याचा गुन्हा दाखल झाला की पहिल्यांदा वकील गाठायचा. पुढारी, मध्यस्थ, ‘साहेबांच्या ओळखीचा’ माणूस हे सगळे नंतर, किंवा कधीच नाही. अटकेनंतर चोवीस तासांच्या आत आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं आणि खटल्याचा पाया बहुतेक वेळा त्याच काळात घातला जातो. संविधानाचं कलम २२ आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क देतं. चौकशी चालू असताना वकिलाला भेटता येतं, हे नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३८ मध्ये लिहिलेलं आहे. वकील पूर्ण वेळ शेजारी बसू शकत नाही, पण भेटू शकतो. ही भेट मागावी लागते आणि ती मागायला बाहेर कुणीतरी जाणता माणूस लागतो.

शस्त्राच्या खटल्यात वकील नेमकं काय करतो, हे आपल्याकडे फारसं कुणी समजावून सांगत नाही. ‘वकील म्हणजे जामीन’ एवढंच लोकांना कळतं. खरं काम त्याहून मोठं आहे. तलवार आणि पिस्तूल ही कायद्याच्या नजरेत एकच वस्तू नाही. अग्निशस्त्र असेल तर कलम ३ आणि २५ लागतं. तलवारीसारख्या हत्याराला कलम ४ आणि २५. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची कैद आहे. कलम ३ खालच्या गुन्ह्यात खटला चालवायला जिल्हादंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते, असं शस्त्र कायद्याचं कलम ३९ सांगतं. ती घेतली का, विचारपूर्वक दिली का, हे वकील तपासतो. जप्त केलेली वस्तू खरोखर गोळी झाडू शकते का, याचा न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल आला का? मुद्देमालाला सील जागेवरच लावलं होतं का? पंच तिथे हजर होते, की नंतर सही करायला बोलावलेले होते? नव्या संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडतीचं आणि जप्तीचं चित्रीकरण झालं का? झालं असेल तर ते कुठे आहे?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न ताब्याचा. वस्तू घरात सापडली म्हणजे गुन्हा आपोआप सिद्ध होत नाही. ती तिथे आहे हे आरोपीला माहीत होतं आणि तिच्यावर त्याचं नियंत्रण होतं, हे दाखवावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने ‘जाणीवपूर्वक ताबा’ ही कसोटी वारंवार सांगितली आहे. मित्राची पिशवी न उघडता ठेवणाऱ्या मुलाचं आयुष्य या एका मुद्द्यावर वाचू शकतं. पण त्याने कोठडीत घाबरून ‘मीच लपवलं होतं, चला दाखवतो’ अशा निवेदनावर सही केली असेल, तर बचाव फार अवघड होऊन बसतो. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा ठरत नाही. त्या निवेदनातून वस्तू सापडली, तर तेवढा भाग मात्र पुराव्यात येतो. हा फरक अठरा वर्षांच्या पोराला कोण सांगणार?

वकील कसा निवडावा, यावरही आपल्याकडे गैरसमज आहेत. नागपूरहून मोठं नाव आणलं की काम झालं, असं वाटतं. मोठं नाव पहिल्या तारखेला येतं, पुढच्या तारखांना कनिष्ठ येतो, आणि पंचाच्या उलटतपासणीच्या दिवशी कुणीच येत नाही. त्यापेक्षा वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव इथल्या न्यायालयात रोज उभा राहणारा, फौजदारी खटले शेवटपर्यंत चालवलेला वकील बरा. त्याला विचारा, शस्त्र कायद्याचे किती खटले चालवले? उलटतपासणी स्वतः घेणार का? फी कोणत्या टप्प्यावर किती? पैसे दिले की पावती मागा. दोषारोपपत्राची प्रत आपल्याकडेही ठेवा. ‘निकालाची हमी देतो’ म्हणणाऱ्याकडून उठून या. वकील आपल्या समाजाचा असलाच पाहिजे, हाही हट्ट नको. खटला नीट वाचणारा असला पाहिजे.

पैसे नसतील तर? कायदेशीर सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोठडीत असलेल्या माणसाला मोफत वकील मिळतो. जात, धर्म, उत्पन्न यांची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. १५१०० या क्रमांकावरही विचारता येतं. ‘सरकारी वकील म्हणजे फुकटचा, तो काय लढणार’ असं म्हणत आपण शेत विकतो, आईच्या बांगड्या गहाण ठेवतो. कसाबच्या अपिलात २९ ऑगस्ट २०१२ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की आरोपीला पहिल्यांदा हजर करतानाच न्यायदंडाधिकाऱ्याने वकिलाच्या हक्काची जाणीव करून द्यायची. कसाबलाही जो हक्क होता, तो मागायला हिंगणघाटच्या गरीब बापाने लाजायचं कशाला?

इथे एक आक्षेप येतो. शस्त्र बाळगणाऱ्याचा बचाव म्हणजे गुन्हेगारीला पाठिंबा नाही का? देशात काही वकील संघांनी अमुक आरोपीचं वकीलपत्र घ्यायचं नाही असे ठराव केले होते. २०१० मध्ये मोहम्मद रफी विरुद्ध तामिळनाडू या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठराव बेकायदा ठरवले. आपल्या मातीतही याचं उत्तर आहे. आष्टीत १६ ऑगस्ट १९४२ ला जमाव पोलीस ठाण्यावर गेला, गोळीबार झाला, दोन्हीकडचे जीव गेले. आष्टीच्या शहिदांत रशीद खान यांचंही नाव आहे. पुढे आष्टी-चिमूर खटल्यांत अनेकांना फाशी सुनावली गेली. प्रदीर्घ प्रयत्नांनंतर १९४५ मध्ये शेवटच्या सात जणांची फाशी टळली. त्याच वर्षी लाल किल्ल्यात आझाद हिंद फौजेच्या शाहनवाज खान, सहगल, धिल्लन यांच्या बचावाला भुलाभाई देसाई उभे राहिले. त्यांना कुणी हिंसेचे समर्थक म्हटलं नाही.

२००६ चं औरंगाबाद शस्त्रसाठा प्रकरण घ्या. शस्त्रं खरी होती. २०१६ मध्ये निकाल लागला तेव्हा १२ जण दोषी ठरले आणि ८ जण निर्दोष सुटले. त्या आठ जणांना दोषींपासून वेगळं काढायला वकीलच लागले. त्या खटल्यात काही आरोपींची बाजू घेणारे शाहिद आझमी यांचा ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्यातल्या कार्यालयात खून झाला. २६/११ च्या खटल्यात ते ज्यांची बाजू लढवत होते, ते फहीम अन्सारी त्याच वर्षी निर्दोष ठरले.

वकील हा शब्द अरबी आहे. ज्याच्यावर काम सोपवावं तो वकील. इस्लामी फिक्हमध्येही शंका असेल तिथे हद्दची शिक्षा टाळावी, हे जुनं तत्त्व आहे. न्यायाची साक्ष देताना स्वतःच्या नातलगांच्या विरोधात जावं लागलं तरी जा, हेही कुरआनने सूरह निसामध्ये सांगितलं आहे. दोन्ही एकत्र पाळता येतात. मुलाने खरोखर कट्टा विकत घेतला असेल, तर त्याला निर्दोष म्हणून मिरवू नका, मोर्चे काढू नका. पण योग्य तेवढ्याच कलमाखाली, योग्य तेवढीच शिक्षा व्हावी म्हणून वकील द्या. त्याने घेतला नसेल, तर आणखी जोमाने द्या.

मस्जिद कमिट्या जलशांवर, कमानींवर, रोषणाईवर वर्गणी जमवतात. त्यातला थोडा भाग बाजूला ठेवून दोन-तीन फौजदारी वकिलांची नावं आणि विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक सूचनाफलकावर लावायला काय हरकत आहे? जुम्याच्या बयानात कधीतरी तलवारीच्या रीलबद्दलही बोला. शस्त्र घरात येऊ न देणं हा पहिला बचाव आहे. तो चुकला, तर दुसरा न्यायालयात करायचा असतो, पुढाऱ्याच्या ओसरीवर नाही.